शरणाक्काची मान

सोलापुरात मला पहिली शिवी बसली ती कानडीत, आणि ती शिवी होती हे कळायला बरेच दिवस गेले. तोपर्यंत मी तिला आशीर्वाद समजून मान डोलवत होतो.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भवानी पेठेतल्या एका शाळेत मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. मी साताऱ्याकडचा, एकटा. हेडमास्तरांनी खोली बघून दिली आणि जेवणाचं विचारल्यावर म्हणाले, "शरणाक्काच्या खानावळीत जा. पोट भरेल. बाकीचं सहन करायचं."

बाकीचं म्हणजे काय ते पहिल्याच दुपारी कळलं. मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. चुलीपुढून एक बाई उठून दारात आली. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी. तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कानडीत काहीतरी बोलली. मी हसून "हो, हो" म्हणालो. शेजारी जेवणारा मिलमधला कारकून भोसले मान खाली घालून ठसकला. पुढे कधीतरी त्यानंच अर्थ सांगितला. "आईनं तुला अर्धाच जन्माला घातला काय रे," असं ती म्हणाली होती.

तिच्याकडे किती भाकरी घेणार असं कुणाला विचारत नसत. माणूस पाटावर बसला की ती त्याच्या तोंडाकडे बघे आणि किती वाढायच्या ते ठरवी. ताप येऊन गेलेल्याला एक जास्त, नुकतंच लग्न ठरलेल्याला दोन जास्त. "नको" हा शब्द तिला कानडीतही कळत नव्हता आणि मराठीतही नाही. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांना मी तिथं नेण्याची चूक केली. त्यांनी तिसऱ्या भाकरीवर हात आडवा धरला, तर तिनं भाकरी हातावरच ठेवली आणि वरून शेंगाचटणी घातली. साहेबांनी ती मुकाट्यानं खाल्ली. शाळेचा शेरा चांगला आला.

तिचं माहेर जवळच्या वळसंगचं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, गल्लीतल्या विणकर बायकांशी तेलुगू आणि लाकडाच्या वखारीतल्या मौलाभाईंशी दख्खनी. चारही भाषांत ती सारख्याच वेगानं भांडे. मराठीत तिचा फक्त लिंगाचा घोटाळा होई. "आमटी झाला," "भाकरी गरम हाय, त्याला हात लावू नको," असं चाले. रागावली की आम्ही सगळे बायका होत असू. "मास्तर आली काय? उशीर का केली?" मी दोनचार वेळा सुधारून पाहिलं. ती म्हणाली, "तुला कळला न्हवं? मग झाला की."

दुष्काळाच्या साली रेशनवर लाल मिलो आली, त्या वर्षी तिचं तोंड विशेष सुटलं होतं. त्या परदेशी ज्वारीची भाकरी थापताना ती म्हणे, "ज्यानं हे पिकवलं, त्याच्या बायकोनं ह्याची भाकरी एकदा तरी केली असंल काय? केली असती तर त्यानं दुसरं काय तरी पिकवलं असतं."

तिचे मालक सिद्रामप्पा कोपऱ्यात उखळापाशी बसून शेंगदाणे कांडत. ते बोलत नसत. मुके नव्हते, बोलायची जागा शिल्लक राहत नसे. मूलबाळ नव्हतं. त्या दोघांच्या संसारात शब्द तिचे आणि मुसळाचा आवाज त्यांचा, अशी वाटणी झालेली होती.

आणि मग एका दुपारी त्या खानावळीत शांतता पसरली.

भोसलेनं आमटीत मीठ कमी असल्याचं बोलून दाखवलं होतं. असं बोलणारा माणूस त्या घरात नवा तरी असे किंवा जिवावर उदार. आक्का पळी उगारून दारात आली, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. पळी तिच्या उजव्या हातातून खाली पडली. ती पडलेल्या पळीकडे बघत उभी राहिली. मग "नीरु, नीरु," एवढंच म्हणाली. सिद्रामप्पांनी पाणी दिलं. थोड्या वेळानं तिनं पळी उचलली, म्हणाली, "उन्हाचं झालं," आणि आत गेली. भोसलेला वाटलं, आपण जिंकलो. तो दोन दिवस छाती काढून जेवत होता.

दुसऱ्या वेळी मी एकटाच होतो. ती भाकरी थापत होती आणि माझ्या शाळेतल्या नव्या बाईंचं लग्न झालंय का, याची चौकशी करत होती. वाक्य मध्येच थांबलं. उजवा हात परातीत पडून राहिला. ती माझ्याशी बोलू लागली, पण कानडीत, तेही तुटक. मराठी गेलं होतं. जणू ते तिला कधी येतच नव्हतं. माझी कानडी ताटापुरती. मी मीठ दिलं, तिनं नकारार्थी मान हलवली. पाणी दिलं, मान हलवली. ताक दिलं, तिनं डाव्या हातानं ते ढकललं. चटणीची बरणी उचलून आणली तेव्हा ती मारायला उठेल असं वाटलं. तिला हवे होते सिद्रामप्पा. ते परसात लाकडं रचत होते. ते आले, तिच्याजवळ खाली बसले, तिचा पिठाचा हात त्यांनी आपल्या धोतराला पुसला. माझं जेवण संपेपर्यंत मराठी परत आलं. पहिलं वाक्य होतं, "ह्या मास्तरला बरणी आन् नवरा ह्यातला फरक कळत न्हाई."

तिसऱ्या वेळी डाव्या डोळ्यावर कुणीतरी गोणपाट सोडल्यासारखं झालं आणि परत वर गेलं. मग मात्र सिद्रामप्पा उठले आणि बिराजदार डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि मग नळी तिच्या मानेला लावली. बराच वेळ लावून ठेवली. आक्का अस्वस्थ झाली.

"डॉक्टर, मन मानंत न्हाई, छातीत असतंय," ती म्हणाली.

"बोलू नका आक्का."

"काय ऐकताय ते मला सांगा की. गळा माझा हाय."

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी नळीची टोकं तिच्या कानात घातली. तिनं डोळे मिटून ऐकलं. "गिरणीचा पट्टा घासतोय," ती म्हणाली. मग सिद्रामप्पांनी ऐकलं, मी ऐकलं, आणि जेवायला आलेल्या भोसलेनंही रांगेत उभं राहून ऐकलं. खरंच होतं. प्रत्येक ठोक्याला सूं, सूं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या असतात. तिची डावी नळी आतून थर बसून अरुंद झाली होती. त्यातला कण सुटून वर जातो आणि थोडा वेळ बोलणं जातं, हात जातो. एखाद्या दिवशी मोठा कण गेला की ते परत यायचं नाही.

"म्हंजी वारं जातंय," आक्का म्हणाली.

"हो. लकवा."

"आन् औषध?"

डॉक्टर म्हणाले, मुंबईत एक सर्जन आहेत, ते ही नळी उघडून आतून साफ करतात. आपल्याकडे फार थोड्या जणांनी हे केलंय. करायचं की नाही ते त्यांना भेटून ठरवा.

पेठेनं आपापले इलाज सुचवले. कुणी पारव्याचं रक्त मानेला चोळायला सांगितलं. त्यावर आक्का म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं खाल्लं न्हाई आन् मी पारवा चोळू?" विणकर बायकांनी गळ्यात ताईत बांधला. तो तिनं ठेवला, कारण बांधणारीचा नवरा नुकताच वारला होता आणि तिचं मन मोडायचं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा सिद्रामप्पा माझ्या खोलीवर आले. आयुष्यात प्रथमच ते माझ्याशी बोलले. "मास्तर, तिकडं इंग्लिश बोलत्यात. तुमी चला." एवढंच. खानावळीला कुलूप लागलं. दारावर भोसलेनं खडूनं लिहिलं, "मालकीणबाई मानेच्या दुरुस्तीसाठी मुंबईस गेल्या आहेत." खाली कुणीतरी लिहिलं, "लवकर या. उपाशी आहोत."

सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे, आणि मराठीच निघाले. माझं इंग्लिश वायाच गेलं. त्यांनी मानेत सुई घालून फोटो काढले आणि ते दिव्यावर धरून दाखवले. नळी एका जागी दोऱ्याएवढी झाली होती. आक्कानं विचारलं, "साफ केल्यावर मी बरी होणार ना?"

"बहुतेक बऱ्या व्हाल," ते म्हणाले. "पण खोटं सांगत नाही. जो लकवा टाळायला आपण हे करतो, तोच कधीकधी ऑपरेशन करताना येतो."

"आन् केलं न्हाई तर?"

"कदाचित येईल. कदाचित कधीच येणार नाही. ते आज कुणालाच नक्की सांगता येत नाही."

"दाणं घेताना मी पोत्यातला एक चावून बघते," ती म्हणाली. "तुमी आदी ज्याचं केलंय तो माणूस मला दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्जन मात्र हसले आणि एक पत्ता दिला.

परळच्या एका चाळीत सबनीस नावाचे पेन्शनर राहत होते. त्यांनी कॉलर खाली ओढून मानेवरचा व्रण दाखवला. आवाज थोडा घोगरा झाला होता, गालाचा एक भाग बधिर होता, दाढी करताना तिथं कापलं तरी कळत नाही म्हणाले. बाकी झकास. ते आपल्या ऑपरेशनचं वर्णन रंगवून सांगू लागले, पण आक्काचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्यांच्या बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतून प्रश्न ऐकू येत होते.

"हातानं जेवतोय?"

"जेवतात की."

"तुमाला वळकतोय?"

"ओळखतात."

"भांडतोय?"

"पहिल्यासारखेच."

आक्का बाहेर आली. "हा माल चांगला हाय," असं तिनं सबनीसांच्या तोंडावर सांगितलं आणि आम्ही निघालो.

मला वाटलं, ठरलं. पण दुसऱ्या दिवशी ती सर्जनना म्हणाली, "डॉक्टर, चांगला दाना दुकानदार कुणालाबी दाखवतोय. किडका दाखवा."

ते उठले आणि स्वतः आम्हाला वॉर्डात घेऊन गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर कुलाब्याकडचा रामा पाटील नावाचा माणूस होता. मासेमारी करणारा, रुंद खांद्यांचा, चाळिशीचा असेल. ऑपरेशनच्या टेबलावरच त्याची उजवी बाजू गेली होती. भाषाही गेली होती, एक शब्द सोडून.

"कसं हाय?" आक्कानं विचारलं.

"बरं," तो म्हणाला.

"गाव कुठलं तुजं?"

"बरं."

"पोरं किती?"

त्यानं डोळे मिटले. "बरं."

त्याची पेज थंड होऊन पडली होती. आक्का खाटेवर बसली आणि चमच्यानं त्याला भरवू लागली. ओठाच्या कडेनं खाली येई ते पदरानं पुसून घेई. इतक्या वर्षांत कुणाला वाढताना ती एक शब्दही बोलली नाही असं मी पाहिलं नव्हतं. सर्जन खिडकीशी उभे होते. ते निघून गेले नाहीत, हे मला त्यांचं फार मोठं वाटलं.

त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर ती सिद्रामप्पांशी कानडीत बोलत होती. मला थोडं कळत होतं, थोडं नाही. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, तू काय म्हणतोस?"

मी म्हणालो, मला भीती वाटते.

"मला लई वाटते," ती म्हणाली. "पण त्या रामाला असं टेबलावर झालं, मला चुलीपुढं होणार. तिकडं बसून रोज वाट बघू काय? आज मराठी गेली, उद्या कानडी जाईल. मग मी कुणाशी भांडू?" सिद्रामप्पांनी होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

हे ऑपरेशन सर्जन पूर्ण भूल न देता करत. मानेपुरतंच बधिर करायचं, पेशंट जागा. नळी काही वेळ चिमट्यानं बंद करावी लागते. त्या वेळी मेंदूला दुसऱ्या बाजूचं रक्त पुरतंय की नाही हे कळायला पेशंटनं सतत बोलत राहायचं आणि उजव्या हातात दिलेलं रबरी बदक दाबून वाजवायचं. बोलणं थांबलं किंवा बदक थांबलं, की घाईनं एक तात्पुरती नळी बसवून रक्त चालू करायचं, आणि त्यात पुन्हा वेगळा धोका. आदल्या दिवशी त्यांनी हे समजावलं आणि म्हणाले, "तेव्हा आक्का, तुमचं काम एकच. बोलत राहायचं."

तेव्हा सिद्रामप्पा म्हणाले, "डॉक्टर, ते काय अवगड न्हाई. बंद कसं करायचं तेवडं मला सांगून ठेवा."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. आक्कानं नंतर मला विचारलं, "हे माणूस असं बोलतंय कदीपासनं?"

एक अडचण आली ती लिंगाची. लिंग अंगावेगळं करायचं नाही, आणि ते नेमकं मानेत. सिस्टर म्हणाली काढा, आक्का म्हणाली जीव काढा. शेवटी डबी स्वच्छ करून तिच्या डाव्या मुठीत बांधली. डाव्या हातात लिंग आणि उजव्या हातात बदक, अशी आक्का आत गेली.

आत काय झालं ते मला दोघींनी सांगितलं. एक आक्का आणि एक हुबळीकडची सिस्टर. दोघींचं पुरतं जुळत नाही.

सिस्टरचं म्हणणं असं. नळी बंद केल्यावर आक्का शेंगाचटणी कशी करायची ते सांगत होती. दाणे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, लोकांच्या बायका कुठं चुकतात. बदक तालात वाजत होतं. अचानक मराठी थांबलं आणि ती भरभर कानडीत बोलू लागली. सर्जनना मी सगळा इतिहास सांगितला होता, की आधी मराठी जातं आणि कानडी राहतं. त्यांचे हात थांबले. त्यांनी ती तात्पुरती नळी मागितली. भूल देणारे डॉक्टर तिला "आक्का, मराठीत बोला, मराठीत बोला," म्हणू लागले. ती आणखीनच कानडीत बोलू लागली. तेव्हा सिस्टर पुढे झाली आणि म्हणाली, "सर, थांबा. हिचं काही गेलेलं नाही. ही तुमच्या असिस्टंटना शिव्या देतेय. त्यांचं कोपर हिच्या खांद्यावर टेकलंय."

आक्काचं म्हणणं असं, की शिव्या वगैरे काही नाही. "एवडी शिकलेली माणसं. त्यांच्या पुढ्यात त्यांच्या भाषेत कसं बोलायचं? म्हणून आपल्या भाषेत बोलले. मला काय ठावं, तितं हुबळीची बसली हाय."

असिस्टंटनं कोपर काढलं. मराठी परत आलं. लसणापासून पुढची कृती पूर्ण झाली. बाहेर बाकावर सिद्रामप्पा दाराला कान लावून बसले होते आणि आतून बदकाचा बारीक आवाज येई तसे त्यांचे ओठ हलत होते.

ती खाटेवर आली तेव्हा मानेला मोठी पट्टी होती. मी विचारलं, "आक्का, मी कोण?" ती म्हणाली, "बरणी." आवाज मात्र गेला होता. म्हणजे शब्द सगळे होते, पण कुजबुजीत. मानेतल्या एका नसेला धक्का लागला होता. ओठाचा उजवा कोपरा सरळ राहिला, तरी डावा किंचित खाली ओढला गेला. सर्जन म्हणाले, आवाज परत येईल, वेळ लागेल.

निघण्याआधी ती रामा पाटलाच्या खाटेशी गेली. ते बदक सिस्टरनं तिला बक्षीस दिलं होतं. तिनं ते त्याच्या हातात दिलं. डाव्या हातात नव्हे, मुद्दाम उजव्या हातात. बोटं मिटली नाहीत. तिनं आपल्या हातानं ती मिटली आणि कुजबुजली, "रोज दाब."

"बरं," तो म्हणाला.

सोलापुरात खानावळ उघडली, आणि आमचं सुख फार दिवस टिकलं नाही. आक्काला ओरडता येत नव्हतं, पण तिनं तोड काढली. ती सिद्रामप्पांच्या कानाशी कुजबुजे आणि ते आम्हाला ते मोठ्यानं सांगत. ते मुळात सौम्य. त्यांच्या तोंडून भयंकर वाक्यं अगदी अदबीनं बाहेर पडत. "भोसलेसाहेब, आक्का म्हणती, तुमी जेवताय का गिळताय? तुमच्या घरात कुणी तुमाला माणसात घेत न्हाई काय?" आणि पुढे हळूच, "राग मानू नका." काही दिवसांनी आमच्या लक्षात आलं की आक्का दोन शब्द कुजबुजते आणि बाहेर चार वाक्यं येतात. मालक स्वतःच्या पदरची भर घालत होते. एकदा आक्का आत होती, तरी ते मला म्हणाले, "मास्तर, आक्का म्हणती, लग्न कर." आतून घोगरा आवाज आला, "मी कुटं म्हटलं?"

उन्हाळ्यापर्यंत तिचा आवाज परत आला, थोडा जाडा होऊन. सिद्रामप्पा मात्र पहिल्यासारखे गप्प झाले नाहीत. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. तिला हे मान्य नव्हतं. "माजी मान दुरुस्त केली आन् ह्याचं तोंड उगडलं," अशी ती डॉक्टरांकडे तक्रार करी. बोलणं जाण्याचा झटका पुन्हा एकदाही आला नाही.

पुढे सर्जन आपल्या पेशंटना तिच्याकडे पाठवू लागले. बार्शीचे एक कापडवाले आले, विजापूरहून एक मुख्याध्यापक आले. ती त्यांना आधी जेवायला घाली, मग मान दाखवी, मग रामा पाटलाची सगळी हकीकत सांगे. मुख्याध्यापक मुंबईला गेले आणि बरे होऊन आले. कापडवाले घाबरून घरी गेले आणि तेही पुढं कितीतरी वर्षं धडधाकट हिंडत होते. तपासणीला गेल्यावर सर्जन तिला म्हणाले, "आक्का, तुमच्याकडे पाठवलेले निम्मे परत येत नाहीत."

"खरं ऐकून जे येतंय ते तुमचं," ती म्हणाली. "बाकीचं मी जेवायला घालून घरी पाठवते. त्यात तुमचं काय गेलं?"

ते म्हणाले, काही गेलं नाही. कोण बरोबर, हे त्यांनाही अजून कळायचं होतं.

माझं लग्न झालं, बदली पुण्याला झाली. शरणाक्का वळसंगला भाच्याच्या लग्नात वारली. मांडवात आचाऱ्याशी भाताच्या पाण्यावरून वाद चालू होता. छातीत कळ आली, ती खाली बसली, म्हणाली, "त्याला सांगा, पाणी जास्त झालं," आणि संपली. बिराजदार डॉक्टर म्हणाले, मानेची नळी शेवटपर्यंत साफ होती, हृदयाची गेली. लकव्यानं तिला गाठलं नाही.

मी तिला शेवटची पाहिली ती त्याच्या आदल्या वर्षी. मुंबईहून तपासणी करून परतताना ती दोघं पुण्याला आमच्याकडे उतरली. मी तिला कधी पंगतीला बसलेली पाहिलीच नव्हती. माझी बायको कोकणातली, ज्वारीची भाकरी तिला नवीन, त्यात शरणाक्का यायची म्हणून सकाळपासून घाबरलेली. भाकऱ्या जाड झाल्या, एक फाटली. आक्का काही न बोलता जेवली. दुसरी मागून घेतली. मला धडकीच भरली. मी मनात म्हटलं, हिला पुन्हा झटका आला. निघताना तिनं माझ्या बायकोचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. "ज्वारी जुनी हाय. ते बदल," ती म्हणाली. "हात चांगला हाय तुजा."

मी रिक्षा आणली. सिद्रामप्पा गाठोडं मांडीवर घेऊन आत बसले. ती बसताच रिक्षावाल्याशी बोलू लागली, त्याचं गाव विचारलं, जेवला का विचारलं. रिक्षा सुटली. पुणे तिला बिलकूल माहीत नव्हतं, पण कोपऱ्यावर पोचण्याआधीच तिचा लांब, दणकट उजवा हात बाहेर आला आणि तिनं रिक्षावाल्याला ठणकावून डावीकडे वळायला सांगितलं.

स्टेशन उजवीकडे होतं. रिक्षा डावीकडे वळली.